काकांच्या दुकानातलं अंधाराचं कपाट

ज्या दुकानात घेणारे कमी आणि बसणारे जास्त, तिथे गल्ला भरत नाही, पण किस्से पोत्यानं भरतात. देवळीला माझ्या दिनकरकाकांचं बॅटऱ्यांचं दुकान असंच होतं. बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्याकडे बॅटरीला टॉर्च म्हणणारा माणूस बाहेरगावचा, हे लगेच कळायचं.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दोनदा बसलो. दोन्ही वेळा मी परीक्षकांना पटलो नाही, म्हणून काकांकडे आलो. सत्तर-ऐंशीच्या सालांतली गोष्ट. तेव्हा लाईट सांगून जायची नाही आणि बोलावून यायची नाही. त्यामुळे घरात देव असो नसो, बॅटरी असायचीच.

काकांचा नियम एकच. अंधारात दाखवल्याशिवाय बॅटरी विकायची नाही.

"उनात सगळेच हुशार दिसतेत. कोण कसा हाय, ते अंधारात काम पडल्यावर समजते!"

पण भरदुपारी, भररस्त्यावर अंधार आणायचा कुठून? काकांनी एक मोठं लाकडी कपाट घेतलं, आतली फळकुटं काढली, फटींत काळं कापड ठोकलं. काका आणि गिऱ्हाईक दोघं आत उभे राहायचे, दार लागायचं, आणि आतून काकांचा आवाज यायचा, "पाहा, कसा लख्ख पडला!" मग दोघं घामानं निथळत बाहेर. सौदा पक्का!

*

आलो त्याच आठवड्यात मी कपाटावर पाटी लावली : 'येथे अंधार फुकट मिळेल.'

तिसऱ्या दिवशी एक फोटोग्राफर धावत आला. लग्नाचा रोल कॅमेऱ्यात अडकला होता. "काका, पाच मिनिटं अंधार पाह्यजे."

"घ्या नं," काका म्हणाले.

तो आत गेला, रोल सोडवला, बाहेर आला. वरमाला वाचली होती. कपाटाकडे कौतुकानं बघत म्हणाला, "माह्या स्टुडिओपेक्षा तुमचा अंधार भारी हाय, काका. कोन्त्या कंपनीचा?"

पाटी काकांनी काढायला लावली. मी काढली आणि आतल्या बाजूनं लावली. तिथे ती कोणालाच दिसत नव्हती, म्हणून चालली.

*

पाटी काढायचं खरं कारण मला काकूनं सांगितलं. तेही दुकानात नाही, घरी, भाजी निवडता निवडता.

"तुह्या काकाले काचबिंदू हाय. गेलेली नजर वापस येत नाई म्हणे डॉक्टर. लोकं पाट्या वाचाले लागले का मंग मानसाचे डोळेबी वाचतेत. कोणाले सांगजो नको."

काकांचा मुलगा नागपूरला होता. तो प्रत्येक पत्रात लिहायचा, दुकान बंद करा आणि इकडे या. काका ते पत्र माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि म्हणायचे, "नागपूरले मी काय करू? गॅलरीत बसून हॉर्न ऐकू?"

गावात कळलं असतं तर दुकान संपलंच होतं. ज्याला उजेड दिसत नाही, त्याच्याकडून उजेड कोण विकत घेईल? किती दिसतं, किती नाही, हे काका बोलायचे नाहीत. मीही विचारलं नाही. सगळ्यांची टिंगल करणारा मी, या एका गोष्टीपाशी मात्र तोंड मिटून बसायचो.

*

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "दूरपर्यंत जाते का उजेड?"

एका पाटलानं चार सेलची, हातभर लांब बॅटरी मागितली. काकांनी दोन सेलची पुढे केली.

"हे दूर जाईन का?" पाटील नाराज.

"पाटील, लाईट गेल्यावर तुमाले घरातला कंदील शोधाचा हाय, का इथून पवनार पाह्याचं हाय?"

पाटलानं चार सेलचीच घेतली. पंधरा दिवसांनी भेटले, तेव्हा कपाळावर टेंगूळ.

"काय झालं, पाटील?"

"लाईट गेलती. पवनारपर्यंत दिसलं असतं, पण पायाजवळची पाटलीण दिसली नाई. तिनं तेच बॅटरी हानली!"

*

काका प्रत्येकाला बजावायचे, "काम नसलं का सेल काढून ठेवत जा. सेल गळले का बॅटरी गेली." आणि ते खरंच होतं. आत पांढरं-हिरवं साचलं की पितळेची बॅटरीसुद्धा कामातून जायची.

एक कारकून होते, अत्यंत शिस्तीचे. महिनाभरात दुसरी बॅटरी घ्यायला आले.

"पहिली बिघडली का?"

"नाही हो. तुमच्या सांगण्याप्रमाणे सेल काढून कपाटात ठेवतो. पण लाईट गेली की अंधारात ते सेल सापडत नाहीत. ते शोधायला ही दुसरी."

काका गंभीरपणे बॅटरी बांधायला लागले. मला राहवलं नाही. "अन् या दुसरीचे सेल कुठं ठेवसान?"

"पहिलीच्या सेलजवळ," कारकून म्हणाले. "शिस्त म्हणजे शिस्त!"

*

काकांची दुसरी परीक्षा म्हणजे पाडणं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ते नवीकोरी बॅटरी काउंटरवरून खाली सोडायचे. "अंधारात हात लागते, बॅटरी पडते. पडून जे पेटते, तेच घराले कामाची."

एका गुरुजींना हे फार पटलं. घरी जाऊन बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर त्यांनी बॅटरी पाडून दाखवली. आधी ओट्यावर. मग अंगणात. मग कोणीतरी म्हणालं, "विहिरीच्या काठावर पाडा." पाडली, आणि ती घरंगळली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात. आम्हाला वाटलं भांडायला आले.

"दिनकरराव, मानलं तुम्हाला! तळाशी पडली, तरी पेटून राह्यली! सारं गाव पाहून राह्यलं. खाली बेडूकसुद्धा मोजता येतात!"

"मंग तक्रार काय हाय?"

"तक्रार नाही हो. बंद कशी करायची, एवढं सांगा."

*

एक नवं जोडपं आलं होतं. घरात सतरा माणसं, असं नवराच बोलता बोलता म्हणाला. "आमी दोघंच आत जाऊन पाह्यतो, काका."

काका म्हणाले, "जा."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. आतून हसण्याचा आवाज आला, मग बोलण्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. काउंटरवर बसलेले दोघं खाकरायला लागले.

"दमानं पाहू द्या त्याइले," काका म्हणाले. "घरची वस्तू हाय. पारखून घ्या लागते."

दोघं बाहेर आले. नवरा म्हणाला, "चांगली हाय, काका. घेतो."

मी काउंटरवरची बॅटरी उचलून त्यांच्या हातात दिली. ती मघापासून तिथेच होती.

*

आता हा शेवटचा.

माझा मित्र मोहन रोज यायचा आणि फुकटात बॅटऱ्या पेटवून सेल उतरवायचा. त्याची खोड मोडायला मी एका बॅटरीत सेलऐवजी मातीच्या कांड्या भरल्या, कागद गुंडाळून, वजन बरोबर जमवून. काउंटरवर ठेवली आणि मोहनची वाट बघत बसलो.

मोहनच्या आधी देवकाबाई आली. खेड्यातली सुईण, साठीची. "दिनकरभाऊ, भरवशाची दे बाप्पा. मागच्या खेपेले लेकरू अर्धं बाहेर, अन् लाईट गेली."

काकांनी चाचपून समोरची बॅटरी उचलली. तीच! मी "काका, थांबा" म्हणेपर्यंत दार लागलं.

दुकानात चार माणसं होती. गप्पा थांबल्या होत्या. कपाटातून खटका सरकल्याचा आवाज आला, आणि मग काकांचा, नेहमीसारखा खणखणीत :

"पाहा, कसा लख्ख पडला!"

इतके दिवस जे मी विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर मला मिळालं होतं. आता बाईचं एक वाक्य, आणि चार माणसांच्या तोंडून ते संध्याकाळपर्यंत गावभर.

मग देवकाबाईचा आवाज.

"अगं माय! डोळेच दिपले नं भाऊ!"

दार उघडलं. देवकाबाई दोन्ही डोळे चोळत बाहेर आली. चौघांसमोर उभं राहून तिनं डोळे मिचकावले, पदरानं पुसले, पैसे मोजले आणि मातीची बॅटरी पिशवीत टाकून निघाली.

मी चांगली बॅटरी घेऊन मागं पळालो. बसस्टँडवर गाठली. "बाई, ते खराब हाय. हे घ्या, अन् ते वापस द्या."

तिनं चांगली घेतली. पिशवीत टाकली. पहिली काही काढली नाही.

"वापस कायले? तुह्या काकानं माह्यासमोर पेटवली ते!"

आणि बसमध्ये चढली.

मी परत आलो. चौघं निघून गेले होते. काका काउंटर पुसत होते.

"कुठं गेलता?"

"असाच. बसस्टँडवर."

काकांनी फडकं झटकलं, घडी घातली, जागेवर ठेवलं.

"मंग? चांगलीवाली देल्ली नं तिले?"