डागकाकांची उसनवारी

दुरुस्तीला दिलेल्या तुमच्या टेपडेकचा कनेक्टर काढून कुणी दुसऱ्याच्या मशीनला लावला, तर त्या माणसाला तुम्ही मेकॅनिक म्हणाल की चोर? मुर्री गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे डागकाका हे रोज करत. बोर्डावर कथलाचा डाग देऊन तारा जोडायच्या, हा त्यांचा धंदा. म्हणून हे नाव.

मी त्यांच्यावर फार चिडायचो. एक डबा जिवंत करायला दुसरा मारायचा, ही कसली दुरुस्ती? ते म्हणत, "कंपनीले सुटा कनेक्टर माग, थे म्हणते पूरा बोर्ड घ्या. एक दात पडला तं मुंडकं बदलतो का बे?" कंपन्यांच्या या लुटीवर मी पत्रक काढलं. काकांनी ते वाचलं, शाबासकी दिली आणि त्याच कागदावर कथलाचे थेंब झटकले.

आमच्या वस्तीत पाण्यासाठी सभा होती. पाणीपुरवठ्याचे साहेब पहिल्यांदाच ऐकायला येणार होते, आणि सकाळी कुणीतरी वायर ओढून सभेच्या अँप्लिफायरचा स्पीकर-कनेक्टर उपटला. सोबत बोर्डावरची तांब्याची पट्टीही उखडली. मी तो उचलून काकांच्या दुकानात नेला. काकांनी जुनं कथील वितळवून काढलं, पट्टीच्या जागी बारीक तार जोडली आणि शेजारी दुरुस्तीला पडलेल्या टेपडेकचा कनेक्टर काढून बसवला. आवाज घुमला. नेमकी तेव्हाच त्या डेकची मालकीण, नागरा गावची म्हणून नागऱ्याची आजी, दारात.

"माह्या डेकचा कान काऊन कापला रे?"

"आजी, त्याची मोटर गेली. तसाबी मुकाच हाय. या पोरायची सभा आज हाय."

"मोटर बसव म्हटलं होतं. कान काप म्हटलं होतं का?"

मी भडकलो. "काका, काढा तो! दुसऱ्याचं हिसकावून आमची सभा नको."

"आता गरम केला तं उरलेली पट्टी निंगते. मंग ना तुह्यी सभा, ना इचा डेक."

आजीने मला विचारलं, "कायची सभा?"

"पाण्याची."

"मंग ने. पर मी येऊन राहिली. माहा कान काय बोलते, पाहतो."

सभेत ती साहेबांकडे पाठ आणि स्पीकरकडे तोंड करून बसली.

अनेक सभांनंतर नळ आला. काकांनी मोटर शोधून आणली, पण तसा कनेक्टर त्यांना मरेपर्यंत मिळाला नाही. आम्हाला पाणी मिळालं. आजीची भजनांची कॅसेट मात्र अजून गप्प आहे. याचा मला आजही संताप येतो.

दुकानात आता काकांची मुलगी बसते. ती विचारल्याशिवाय काही काढत नाही. घरात बंद पडलेला टेपडेक असेल तर भंगारात घालू नका, तिला नेऊन द्या. आणि सांगा, यातला पहिला कनेक्टर नागऱ्याच्या आजीचा.