बेलला शिवलेलं कव्हर

संत तुकाराम नगरात प्रभावतीबाईंच्या घरी उघडी वस्तू सापडणं मुश्कील. फ्रिजच्या हँडलला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर. "मी फार वेळ एका जागी बसलो तर ही मलाही शिवून टाकील," असं त्यांचे यजमान जयसिंगराव म्हणत.

यात बाईंचं चुकत होतं असं नाही. लातूरकडून पिंपरीत आल्या तेव्हा झाकून ठेवावं असं घरात काहीच नव्हतं. मग नवऱ्याच्या ओव्हरटाइमवर एकेक वस्तू आली आणि बाईंनी ती जिवापाड जपली. हातात कला होतीच. त्यांच्या गोधड्या ओळखीची माणसं आवर्जून शिवून घेत. कडेनं निघालेला धावदोरा चौकोनामागून चौकोन घेत मधोमध यायचा, आणि दर कोपऱ्यावर बाई एक टाका मोकळा सोडायच्या. का, ते त्यांना सांगता यायचं नाही. हातच तसा वळायचा.

लेक मैत्री चाकणला एका कंपनीत डिझायनर. वायरलेस बेलचा घरात प्लगला लावायचा जो डबा असतो, त्याचं रूप ठरवायचं काम तिला मिळालं. बऱ्याच महिन्यांनी पहिला तयार डबा तिनं घरी आणला, आईच्या हातात दिला आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"छान हाय की गं," बाई म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी त्याला झालरीचं कव्हर शिवून मोकळ्या झाल्या.

मैत्री ताट अर्धवट ठेवून उठली. काय झालं विचारलं तर "काही नाही" म्हणाली. पुढेही ती मोजकंच बोलत राहिली. लेकीला आपलं काहीतरी लागलंय एवढं बाईंना कळलं. काय लागलंय ते कळेना, आणि त्यानं त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना.

त्यात कव्हरामुळे बेलचा आवाज दबला. भाजी घेऊन आलेले जयसिंगराव दाराबाहेर ताटकळले.

"त्या कव्हराला भोक तरी पाड," ते आत येत म्हणाले.

बाई कात्री आणि डबा घेऊन खिडकीशी बसल्या. आवाज नेमका कुठून येतो ते बघायला त्यांनी डब्यावरचं कव्हर काढलं आणि समोरच्या बारीक फटींवरून बोट फिरवलं. फटी एका ओळीत कडेनं निघाल्या होत्या. बोट कोपऱ्यावर वळलं तिथे एक जागा कोरी लागली. दुसऱ्या कोपऱ्यावरही तसंच. बाईंनी चष्मा लावला. चौकोनात चौकोन, थेट मधोमध.

संध्याकाळी मैत्री आली तेव्हा डबा भिंतीवर उघडाच होता.

"कोपऱ्यावरचा टाका तू सोडलायस," बाई म्हणाल्या. "तसा मीच सोडते."

"तुझ्याच गोधडीवरून घेतलंय, आई."

"मग सांगायचं न्हाई का?"

"तू ओळखतेस का, ते बघायचं होतं."

बाईंचे डोळे भरून आले. "आन् मी ते झाकून टाकलं," त्या म्हणाल्या. मैत्री त्यांना बिलगून बसली.

पुढे एकदा शेजारच्या गिरजाबाई आल्या. घरभर नजर फिरवून त्यांनी बेलच्या डब्याकडे बोट करत विचारलं, "याला न्हाई का शिवलं काही?"

"याला कशाला?" प्रभावतीबाई म्हणाल्या. "याच्यावर आधीच माझे टाके हायत."