तिळाविना संक्रांत

कोणाचेही दार न वगळता प्रत्येक अंगणात सारखाच उतरणाऱ्या भगवान सूर्यनारायणास वंदन करून, आज मकरसंक्रांतीच्या दिवशी हे लिहीत आहे. सकाळी नातसुनेने विचारले, "आजोबा, आपल्याकडे संक्रांतीला तीळ का नसतात? खोबऱ्याच्याच वड्या का?" घरात हे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगायचे ते मलाच होते, कारण अपराध माझा होता.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या महाल भागातील एका छापखान्यात मी मुद्रिते तपासण्याचे काम पाहत असे. समोर बसलेला वाचक हस्तलिखित मोठ्याने वाचे आणि मी छापील कागदावरच्या चुका टिपीत असे. माझे वाचक सावनेरहून बसने येत. दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेल्या कुटुंबातले, वय तिशीचे, आवाज असा स्वच्छ की विसर्गही सुटत नसे.

दर संक्रांतीला मी घरचे तिळाचे लाडू पितळी डब्यातून नेत असे आणि प्रत्येकाच्या हातावर स्वतः ठेवीत असे. आपण भेद पाळत नाही, हे सर्वांना दिसावे अशी त्यात माझी इच्छा होती. पहिल्या वर्षी वाचकांनी लाडू कागदात गुंडाळून खिशात घातला. यंत्रावरच्या कारागिराने ते पाहिले.

"काहून गा, पंडितजीच्या हातचा लाडू खात नाही?"

"घरी नेऊन राहिलो."

"घरी नेऊन राहिला की नालीत टाकून राहिला?"

सगळे हसले. मीही हसलो, परंतु ते वाक्य वर्षभर माझ्या मनात सलत राहिले.

दुसऱ्या वर्षी मी डबा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. "आज इथेच खा. माझ्यासमोर."

ते हलक्या आवाजात म्हणाले, "पंडितजी, मले तीळ चालत नाही."

"तीळ चालत नाहीत, की माझ्या हातचे चालत नाही?"

यंत्र त्या वेळी बंद होते. सर्वांनी ऐकले. वाचकांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि लाडू तोंडात घातला. मला समाधान वाटले. ते समाधान आजही आठवते आणि मान खाली जाते.

आम्ही कामाला बसलो. येत्या वर्षाच्या पंचांगाची मुद्रिते होती. ते तिथी, घटी, पळे वाचू लागले. एक पान संपले. दुसऱ्या पानावर त्यांचा आवाज घोगरा झाला. मी मान वर न करता म्हणालो, "स्पष्ट वाचा." त्यांनी घसा खाकरला. "वद्य पंचमी, घटी..." आणि पुढचा आकडा आलाच नाही.

मी पाहिले तेव्हा त्यांचे ओठ सुजले होते, मानेवर लाल गांधी उठल्या होत्या आणि एक हात सदऱ्याचे बटण शोधत होता. प्रत्येक श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ज्या कारागिराने टोमणा मारला होता, त्यानेच त्यांना उचलून सायकलरिक्षात बसवले. डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. त्या वाटेवर मला एकही स्तोत्र आठवले नाही. पुढची शिट्टी ऐकू येते की नाही, एवढेच मी ऐकत होतो.

डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिले, मग विचारले, "काय खाल्लं यांनी?"

"तीळ."

"त्रास होतो हे ठाऊक नव्हतं?"

वाचकांना बोलता येत नव्हते. मी गप्प राहिलो असतो तर डॉक्टरांना कळले नसते. मी म्हणालो, "त्यांना ठाऊक होतं. मी खायला लावलं."

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "पुन्हा एक दाणाही नको. तिळाचा हात लागलेलं भांडंसुद्धा नको. पुढच्या वेळी मी इथे असेनच असं नाही."

तीन दिवसांनी वाचक कामावर आले. मी विचारले, "मग खाल्लात कशाला?"

"सगळे पाहून राहिले होते, पंडितजी."

त्या दिवसापासून आमच्या खोलीत तीळ बंद झाले. तिळाची चटणी आणणाऱ्याने ओसरीवर जेवावे आणि साबणाने हात धुऊनच आत यावे, असा मी नियम केला. कारागीर कुरकुरला, "आता पंडितजी डबे हुंगून राहिले." पण तोही हात धूत असे. वाचता वाचता वाचक क्षणभर थांबले तरी माझी लेखणी थांबे. "पाणी पिऊन राहिलो, पंडितजी," ते न पाहताच सांगत.

पुढच्या संक्रांतीला आमच्या घरी नव्या कढईत खोबऱ्याच्या वड्या झाल्या. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला, पण हात पुढे केला नाही.

"कढई?" त्यांनी विचारले.

"नवी."

"उलथनं?"

उलथणे जुनेच होते. त्याच उलथण्याने आमच्याकडे वर्षानुवर्षे तीळ परतले जात.

त्यांनी डब्याचे झाकण लावून तो माझ्याकडे सरकवला. "मग नको, पंडितजी." या वेळीही सर्वांनी ऐकले. मी डबा दोन्ही हातांनी मागे घेतला आणि म्हणालो, "बरं केलंत विचारलंत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक स्टीलचा डबा आणला. "आमच्या घरच्या वड्या आहेत. यात भीती नाही." तेव्हा माझ्या ध्यानात आले की आजवर मी केवळ देत आलो होतो, त्यांच्या घरचे मी कधी काही खाल्ले नव्हते, आणि त्यांच्या हातचे का खात नाही, असे मला कधी कोणी विचारलेही नव्हते. मी वडी उचलली. आम्ही दोघांनी मिळून डबा संपवला. मग त्यांनी घसा खाकरला, माझी मान वर झाली, ते हसले आणि वाचू लागले.

वाचकहो, तो सविता तुमच्या घरातील प्रत्येकाचा श्वास मोकळा ठेवो. तुमच्या पानावरून कोणी "नको" म्हटले तर ते ऐकण्याचे धैर्य तुम्हांस देवो. आणि तुमच्या मुलाबाळांचे सदैव कल्याण करो.