कंठीवाली धवलेरी

जामसरची रामी गायची म्हणून पाडा तिला मान द्यायचा आणि भांडायची म्हणून जरा जपूनही असायचा. ती धवलेरी होती, म्हणजे लग्न लावणारी बाई. त्या डोंगरात लग्नाला भटजी लागत नसे, धवलेरी लागे. तिने मांडवात बसून एकेका देवाला नावानिशी गाण्यातून बोलवायचं, त्याच्या वाट्याचे दारूचे थेंब द्रोणातून भुईवर सांडायचे, मगच नवरानवरी एकमेकांची होत. ती सगळी गाणी रामीला सासूकडून तोंडी मिळालेली होती.

अशी ही बाई एकदा राजांच्या जव्हारला मीठ आणायला गेली आणि गळ्यात कंठी बांधून आली! बाजाराच्या कडेला उत्तरेकडचा एक साधू एकतारीवर गात होता. काशीकडे कधीकाळी एक विणकर संत होऊन गेला, त्याच्या पंथातला हा. रामीला शब्द कळले नाहीत, पण सूर असा लागला की मिठाची पुरचुंडी मांडीवर घेऊन ती तिथेच बसून राहिली. मग साधूने मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं. देव एकच, त्याला रूप नाही. लाकडादगडापुढे कोंबडं कापायचं नाही, दारूला शिवायचं नाही. विणकरबाबा मागावर बसून हेच गायचा म्हणे. हाताने काम आणि तोंडाने गाणं, असा माणूस रामीला फार आवडला. तिने मान पुढे केली आणि साधूने कंठी बांधली.

पुढचे काही महिने बरे गेले. मग भात झोडून झालं आणि तिचा भाऊ लक्ष्या दारात आला. त्याच्या पोरीचं, सुकरीचं, माघ्याशी लग्न ठरलं होतं. सुकरीची आई बाळंतपणात गेलेली. पोरीला रामीनेच अंगाखांद्यावर वाढवलं होतं.

"लगीन तूच लावशील ना, बाय?"

"माला दारूला शिवता येत नाय."

"मग देव येतील कसं?"

जवळपास दुसरी धवलेरी नव्हती. साधूला विचारावं म्हणून ती जव्हारला गेली, तर तो केव्हाच पुढे निघून गेला होता. आता काय करावं? कंठी काढायला हात गाठीशी जाई आणि ते गाणं आठवून परत येई. न जावं, तर सुकरीचं लग्न राहणार. डोक्याचा नुसता भुगा झाला. देव एकच असेल, तर इतकी वर्षं आपण बोलावत होतो ते कोण? आणि ते कोणीच नसतील, तर सासूने लावलेली लग्नं लागली तरी होती का? म्हणजे आपलंही लग्न झालेलंच नाही की काय! नवऱ्याकडे बघून तिला चमत्कारिक वाटू लागलं.

काहीच न ठरवता ती मांडवात जाऊन बसली. हळदीने माखलेली सुकरी खाली मान घालून म्हणाली, "आते, गा ना."

रामीचं तोंड आपोआप उघडलं. द्रोण हातात कधी आला ते तिला कळलंच नाही. हिरवा आला, नारनदेव आला, वाघोबा आला, ज्याचा त्याचा वाटा भुईवर पडला. सगळे देव संपले तरी तोंड थांबेना. तिने काशीच्या विणकरबाबालाही हाक मारली, आणि बोलावल्याला कोरडं कसं ठेवायचं म्हणून त्याच्या नावानेही दारू सांडली. मांडवाला वाटलं, असेल कोणी नवा देव. आपण दारू कोणाला पाजली ते रामीला मात्र ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी साधू जव्हारात परत दिसला. रामीने जाऊन सगळं सांगून टाकलं आणि स्वतःच मान पुढे केली. साधू रागावला नाही. त्याने आपले डोळे पुसले, तिची कंठी सोडली आणि झोळीत टाकली.

"महाराज, विणकरबाबाला बोलावला तर तो येतो कां?" रामीने विचारलं. साधू एकतारीची खुंटी पिळत राहिला. ती उठून घरी आली.

त्या साली पहिलं लग्न खोडाळ्याला होतं. रामीने देव बोलावले, थेंब सांडले. शेवटी दुसरा द्रोण घेतला, घागरीतलं पाणी त्यात ओतलं आणि काशीच्या विणकराला हाक मारली.

"ह्याला पाणी कां?" नवऱ्या मुलाच्या बापाने विचारलं.

"तो पीत नाय."

"मग लग्नाला येतो कशाला?"

"माला काय ठावं?" रामी चिडून म्हणाली. "पण येतो." आणि तिने पाणी सांडलं.