अकरा दिवस

बस डेपोत सगळे तिला ताई म्हणत. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावणं हे तिचं काम. तेहतिसाव्या वर्षी तिने कॉम्प्युटरवर ड्युट्या लावायची एक पद्धत बसवली. आधी तीन माणसं आठवडाभर खोडरबर घेऊन बसायची. आता चहा निवायच्या आत तक्ता छापून यायचा. ही हकिगत तिने घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवली होती. ती सुरू झाली की नवरा हळूच पाणी आणायला उठायचा.

बावन्नाव्या वर्षी, मुलगी नोकरीला लागल्यावर, तिने अर्धवट सोडलेलं एम.एस्सी. पुन्हा धरलं. प्रबंधाचा विषय अर्थातच आपली पद्धत. गाईडबाई तिच्या मुलीच्या वयाच्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या, "पण आधी कुणी केलंय का, ते बघून घ्या."

"कोण करणार?" असं म्हणून ताई ग्रंथालयात गेली.

तिसऱ्या दिवशी तळघरातल्या कपाटात एक टाइप केलेला अहवाल हाती लागला. इस्पितळातल्या नर्सेसच्या ड्युट्या, कॉम्प्युटरवर लावलेल्या. ताईच्या आधी चाळीस वर्षं! खोलीएवढ्या यंत्रावर, पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून. लिहिणारी चोवीस वर्षांची मुलगी. पायरी न् पायरी तीच. ज्या अडचणीपायी ताईने दोन वर्षं डोकेफोड केली, तिचा निकाल या पोरीने तळटीपेत लावला होता. तळटीपेत!

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. अहवाल घरी नेऊन तिने कपाटात चादरींखाली सारला.

"काही सापडलं?" गाईडबाईंनी विचारलं.

"नाही."

पुढे महिनाभर ती त्यात चूक शोधत राहिली. दर रविवारी जेवणाच्या टेबलावर चौकटी आखून एकेक पायरी हाताने करून बघायची. चूक काही निघेना. उलट एक सोय सापडली: जिचं मूल तान्हं, तिला रात्रपाळी लागणार नाही. ताईला स्वतःला मूल असून हे सुचलं नव्हतं. त्या दिवशी तिने नवऱ्यावर विनाकारण तोंडसुख घेतलं.

"नक्की कुणावर चिडलीयस?" त्याने विचारलं.

"एका चोवीस वर्षांच्या कार्टीवर!" आणि मग तिने सगळं सांगून टाकलं.

"तू तिचं चोरलं होतंस का?"

"छे! मला काय माहीत ती कोण!"

"मग झालं तर. पण आता लपवलंस, तर ती मात्र चोरी."

दुसऱ्या दिवशी ताईने अहवाल परत केला. ग्रंथपाल खूश झाले. "अरे वा, कुणीतरी वाचला! लेखिकाबाई त्या काय, खिडकीशी बसल्यात. रोज येतात पेपर वाचायला."

बाई खडूस निघावी, निदान सगळं विसरलेली असावी, असं ताईला मनातून वाटत होतं. त्र्याऐंशीच्या आजी दोन्हींपैकी काहीच नव्हत्या. त्यांनी पेपर मिटून सगळं नीट ऐकून घेतलं.

"आमचं यंत्र वर्षभरातच बंद केलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "पुन्हा हातानेच तक्ते. तुमची पद्धत वापरतात अजून?"

"रोज."

"रोज," आजी म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते ताईला बरोबर कळलं. महिनाभर तिला तेच तर कुरतडत होतं.

"किती दिवस लागले तुम्हाला?" आजींनी एकदम विचारलं.

"दोन वर्षं."

"मला अकरा दिवस."

ताई तशीच उठून गाईडबाईंकडे गेली आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी चांगलं खडसावलं, मुदत वाढवून दिली. पहिलं प्रकरण अख्खं आजींवर झालं. लिहिताना ताईने तीन वेळा 'अद्वितीय' हा शब्द खोडला आणि शेवटी 'उल्लेखनीय' ठेवला.

छापायच्या आधी एक प्रत आजींना दिली. चौथ्या दिवशी फोन आला.

"एक्केचाळिसाव्या पानावर चूक आहे." आवाजातला आनंद लपत नव्हता.

चूक खरोखरच होती. ताईने ती त्याच दुपारी दुरुस्त केली. आभाराचा फोन करायला मात्र आठवडा लावला.