कुमसाराच्या पेटीतली घोंगडी

राजाराम मेस्त्रीला राग आला की तो भांडत नाही, रंधा मारत बसतो. चकाल्याच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी सकाळी गॅलरीत भुशाचा ढीग दिसला की शेजारी समजून जातात, मेस्त्रींचं कोणाशी तरी बिनसलंय. गेल्या डिसेंबरात तो ढीग सलग तीन दिवस वाढत होता, आणि त्यामागे अंधेरी पश्चिमेचं एक नवं हॉटेल होतं.

त्याची नात श्रुतिका एका सजावट करणाऱ्या कंपनीत लागली होती. तिची पहिलीच नोकरी. त्या हॉटेलात एक जुनी लाकडी पेटी आणली होती, तिचं दार अडकत होतं आणि दोन सुतार हात टेकून गेले होते. जुन्या सागवानाला हात लावायची आताच्या पोरांना भीती वाटते. श्रुतिका म्हणाली, आजोबा, तुम्ही येऊन बघता का? सदुसष्टाव्या वर्षी कोणी कामाला बोलावतंय म्हटल्यावर म्हातारा खूश झाला. इस्त्रीचा शर्ट चढवून, हत्यारांची पिशवी घेऊन तिच्याबरोबर निघाला.

हॉटेलचा मालक मिहिर, तिशीतला, बोलायला गोड. श्रुतिकाने ओळख करून दिली, "हे राजाराम मेस्त्री. आमच्या ओळखीतले आहेत, जुनं काम छान करतात."

ओळखीतले. राजारामने ऐकलं आणि हनुवटीवरून हात फिरवला. दाढीचे खुंट, चपलेचा तुटका अंगठा, कोपऱ्यात शिवलेली पिशवी. पोरीला लाज वाटली असेल. कालपर्यंत ज्याच्या ताटातला माशाचा तुकडा हक्काने उचलत होती, तो आज ओळखीतला झाला. तो इकडेतिकडे बघू लागला, आणि बघता बघता स्वतःचं दुःख विसरला.

दाराशी दगडी वाडगं होतं. देवळात शिरताना ज्या पाण्यात बोट बुडवून ख्रिस्ती माणूस कपाळाला लावतो, तेच. त्यात लिंबाच्या चकत्या आणि बर्फ घातला होता. पडदे बांधायला जपमाळा वापरल्या होत्या, क्रूसासकट. कडेवर बाळ येशू घेतलेल्या संत अंथोनीच्या पुतळ्याला काळा गॉगल लावला होता आणि त्याच्या गळ्यात दारूंच्या नावांची पाटी अडकवली होती. वेटर पोरांना पाद्रीबाबांसारखे पायघोळ काळे झगे शिवले होते. ज्याला कुणाला हे सुचलं, त्याच्या आईने त्याला कधी चपला बाहेर काढून आत ये असं सांगितलं नसावं.

आणि मधोमध ती पेटी. तीन खणांची, मधल्या खणात पाद्रीबाबांची बैठक, दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला फळ्या, मध्ये जाळी. ख्रिस्ती माणूस तिथे गुडघ्यावर बसून आपली पापं सांगतो. गावठाणातले लोक तिला कुमसाराची पेटी म्हणत. राजारामने वाकून खालच्या आडव्या पट्टीवर बोट फिरवलं. तिथे पटाशीने कोरलेली तीन टिंबं होती. ती त्याचीच खूण. जाळीही त्याचीच, आठ पाकळ्यांची, पस्तीस वर्षांपूर्वी कापलेली.

"इकडे माईक बसवलाय," मिहिर कौतुकाने सांगत होता. "गिऱ्हाईक आत बसणार, आपलं पाप सांगणार आणि ते अख्ख्या हॉलमध्ये ऐकू येणार. जाम मजा येईल लोकांना."

राजारामने आत डोकं घातलं. त्याने लावलेलं अस्तर ओरबाडून काढलं होतं आणि उघड्या फळीच्या पोकळीत काळी वायर लोंबत होती.

ही पेटी त्याच्या हाताखाली आली तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मरोळच्या बाजूला एका गावठाणात जुनं चॅपल होतं, तिथले फादर कायतान म्हणजे मराठीत शिव्यासुद्धा शुद्ध देणारा माणूस. पेटीला वाळवी लागली होती, फळ्यांत फटी पडल्या होत्या, आणि बाहेर रांगेत बसलेल्या बायकांना आतलं सगळं ऐकू जात होतं. फादरनी एकच गोष्ट बजावली होती. मेस्त्री, दिसायला कशीही कर, पण आतला शब्द बाहेर जाता कामा नये. जगात एवढी एकच जागा आहे जिथून शब्द बाहेर जात नाही. मला मारून टाकलं तरी मी सांगायचं नाही, हा आमचा कायदा, मग फळीने का सांगावं?

राजारामने खूप डोकं चालवलं. शेवटी आत जाड लोकरीच्या घोंगडीचं अस्तर ठोकलं, त्यावर पातळ फळी मारली. घोंगडी आवाज पिते, हे त्याला कोकणातल्या घरामुळे माहीत होतं. मग पारख करायची वेळ आली. फादर मधल्या खणात बसले, झाडलोट करणारी फिलूबाई बाहेर बाकावर बसली, आणि राजाराम जाळीसमोर गुडघ्यावर. बोल काहीतरी, फादर म्हणाले. तो एक, दोन, तीन असं मोजायला लागला, आणि चारवर थांबला. त्या अंधारात, जाळीपलीकडे नुसता श्वास ऐकू येत असताना, आठ वर्षं कोणाला न सांगितलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. त्यात त्याचा बाप होता, गिरणीचा संप होता, आणि भर दुपारी त्यानेच दाराबाहेर नेऊन ठेवलेली बापाची वळकटी होती. बाप गावी गेला तो परत आला नाही. एवढं चाळीतल्या जुन्या माणसांनाही माहीत आहे. त्यापुढचं फक्त पेटीला.

फादर हळू म्हणाले, "तू आमच्यातला नाहीस, तुला क्षमा द्यायचा मला अधिकार नाही. पण मी ऐकलं. ते इथेच राहील." आणि मोठ्याने विचारलं, "फिलू, काय ऐकू आलं?"

"काय पन नाय, फादर."

"मग काम झालं," फादर म्हणाले.

त्यानंतर फादर तेरा वर्षं जगले. रस्त्यात भेटले की मुलाबाळांची चौकशी करायचे, कधी लाडू मागायचे, पण त्या दुपारचा शब्द त्यांनी डोळ्यांनीसुद्धा काढला नाही. राजारामने देव पुष्कळ बघितले, पण असा माणूस एकच.

आणि आता तिथे माईक.

त्याने मिहिरला समजावून बघितलं. म्हणाला, तुमच्या आईच्या देव्हाऱ्यात कोणी बाटल्या ठेवल्या तर चालेल का? मिहिर हसला. "काका, ते वेगळं." आपला तो देव आणि दुसऱ्याचं ते फर्निचर, एवढाच त्याचा अर्थ.

तिथून राजाराम थेट गावठाणात गेला. वाटलं, ज्यांची वस्तू आहे ते तरी उठतील. चॅपलचं बघणारे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी नवी खोली दाखवली, दोन खुर्च्या, एसी, कागदी रुमालांचा डबा. आता लोक समोरासमोर बसून बोलतात म्हणे. जुनं सामान नूतनीकरणाच्या वेळी भंगारवाल्याने नेलं. "लाकूडच ते, मेस्त्री. पवित्र असतो तो संस्कार. पेटीत काय आहे?"

राजारामला हे पटलं नाही असं नाही, पण त्याच्या धंद्याला ते पटत नव्हतं. त्याच्या आज्यापासूनची रीत होती. देव्हारा मोडायचा तर आधी देवाला विचारायचं, नारळ ठेवायचा, पहिली खुंटी आपल्या हाताने काढायची, आणि त्या लाकडाचा पाट किंवा चपलांचं कपाट कधी करायचं नाही. ते चुलीत जाईल नाहीतर समुद्रात. लाकूड लाकूडच, पण त्याने जे काम केलं त्याची काही आब राखायची की नाही? मोडायची होती तर रीतसर मोडायची. अख्खी भंगारात देऊन मोकळे झाले, आणि वर पवित्र काय नि अपवित्र काय ते ह्यालाच शिकवत होते.

तीन दिवस भुसा पडत राहिला. तिसऱ्या दिवशी श्रुतिका गॅलरीत येऊन उभी राहिली. तिचं म्हणणं साधं होतं. शनिवारी हॉटेल उघडणार, तोवर दार झालं नाही तर तिचं नाव खराब होणार, कदाचित नोकरीही जाणार. "कोणाला काही त्रास होत नाहीये, आजोबा. तुम्ही एवढं मनाला का लावून घेता यार?"

"माझ्या हातची पेटी ती, माझो शब्द आसा तिच्यात," तो म्हणाला. तिला काही कळलं नाही. मग तो म्हणाला, "दार करून देतंय गो. सांग त्यांका."

त्याने पलंगाखालची ट्रंक ओढली. तळाशी एक काळी घोंगडी होती, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी. बापाच्या वळकटीतली. बाप गेल्यावर गावाहून तेवढीच परत आली होती, आणि बेचाळीस वर्षांत कोणी ती अंगावर घेतली नव्हती. राजारामने ती जमिनीवर पसरली, हाताने सुरकुत्या काढल्या, आणि मग कात्री लावली.

शुक्रवारी दुपारपर्यंत त्याने दार केलं. बोटाने ढकललं तरी फिरेल असं. आणि कोणी सांगितलेलं नसताना आतलं अस्तरही केलं. माईक त्याने काढला नाही. दुसऱ्याच्या वस्तूला त्याने आयुष्यात हात लावला नव्हता. तो होता तिथेच पोकळीत राहिला. फक्त त्याच्या पुढेमागे घोंगडीच्या चार घड्या बसल्या आणि त्यावर सरस लावून, लाकडी खुंट्या मारून फळी बसली.

चार वाजता मिहिर आला. म्हणाला, माईक बघून घेऊ. श्रुतिका, तू आत जा, बोल काहीतरी. राजाराम मधल्या खणात बसून शेवटची खुंटी घासत होता. तो उठला नाही.

ती गुडघे टेकून बसली. दार लागलं. जाळीपलीकडे तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता.

"एक, दोन, तीन, चार," ती म्हणाली, आणि थांबली.

मग पाचऐवजी, अगदी हळू, "आजोबा, त्या दिवशी मी सांगितलं ना, ओळखीतले..."

पुढचं तिला नीट बोलता आलं नाही, पण तिने सगळं सांगितलं. राजारामने पॉलिशपेपर खाली ठेवला.

"मी ऐकलं," तो म्हणाला. "ता हयच रवात."

दोघं बाहेर आले तेव्हा मिहिर स्पीकरची बटणं उलटसुलट फिरवत होता. "काहीच ऐकू येत नाहीये. तू बोललीस ना? काय बोललीस?"

"आकडे मोजले," श्रुतिका म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते.

"मग काम झालं," राजाराम म्हणाला.

मिहिरला काही तरी संशय आला. त्याने आत वाकून फळीवर टकटक केली, नखाने कड शोधली. कड कुठेच नव्हती. "काका, हे उघडा," तो म्हणाला. ह्या वेळी आवाजात गोडवा नव्हता.

"उघडणार नाही. मोडावी लागेल," राजाराम म्हणाला. "मोडायची असेल तर मला बोलवा. नारळ घेऊन येतो."

झग्यातले वेटर हसले. मिहिर हसला नाही. तो श्रुतिकाकडे वळला. हा कुठला माणूस आणलास तू, असं त्याने सगळ्यांसमोर विचारलं.

श्रुतिकाने खाली वाकून हत्यारांची पिशवी उचलली. ती जड होती, तिने दोन्ही हातांनी धरली. कोपऱ्यातली शिवण पुढे आली होती, तिने ती लपवली नाही.

"माझे आजोबा आहेत," ती म्हणाली. "ही पेटी त्यांनी केलीय."

मग दोघं बाहेर पडले. दाराशी राजाराम थांबला, त्या दगडी वाडग्यातल्या लिंबाच्या चकत्या एक एक करून काढल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.