भैरोबावरून सरळ

माझ्या मामाला बोट सरळ चालवता येत नाही, असा शेरा त्याच्या चाचणीत पडला तेव्हा मला हसूही आलं आणि रागही आला. हसू आलं, कारण शेरा अगदी खरा होता.

राजगुरुनगरच्या पलीकडं धरण झालं आणि मामाचं गाव पाण्याखाली गेलं. शेत गेलं तसा नांगरही गेला. मग काठावर राहून मामा हौशी लोकांना पाण्यातून फिरवायला लागला. आधी वल्ह्याची होडी होती, आता मशीनची बोट आहे. रविवारी मारुंजीकडची कॉम्प्युटरवाली मंडळी येतात, फोटो काढतात, कणसं खातात आणि जातात. त्यांना वाटतं, आपण पाण्यावरून फिरलो. खरं तर मामा त्यांना गावातून फिरवत असतो. डोंगराच्या खुणा धरून तो जुन्या गाडीवाटेनं जातो, चिंचेपाशी वळतो, कुणाचा बांध तुडवत नाही. भैरोबाच्या देवळाला तर लांबूनच वळसा घालतो. पाणी कितीही आटलं तरी त्याचा कळस वर येत नाही, पण देवाच्या डोक्यावरून जायचं कसं? मूर्ती कधीच नव्या गावठाणात नेलीये, असं मी म्हटलं की तो म्हणतो, "मूर्ती हलवली, बाई. जागा कुठं हलवली?"

मग बातमी आली, की बोट चालवणाऱ्यांनी ट्रेनिंग घेऊन सर्टिफिकेट काढायचं, नाहीतर बोट काठाला बांधून ठेवायची. मामा भडकला. "म्हशीवर बसायला लायसन काढत्यात व्हय?"

मी चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवते. लायसन्सशिवाय नुसती सीटवर बसले तरी सुपरवायझर घरी पाठवेल. "तिथं मी खोकी उचलते, मामा," मी म्हटलं, "तू जिवंत माणसं नेतोस." मी जरा तोडूनच बोलले, पण त्याला कारण होतं. बोटीसाठी आणलेली लाइफ जॅकेटं त्यानं प्लास्टिकच्या पिशव्यांसकट खुंटीला टांगली होती. कोरी करकरीत. लोकांच्या घामानं खराब होतील म्हणून! मी तिथल्या तिथं सगळ्या पिशव्या फाडल्या. मामा जेवताना माझ्याकडं पाठ करून बसला, मामीनं मात्र मला एक भाकरी जास्त वाढली.

सर्टिफिकेट मिळालं नाही तर काय, हे ठरलेलंच होतं. मामाच्या मुलानं त्याच्यासाठी चाकणला एका गेटवर वॉचमनची नोकरी बघून ठेवली होती. छान सावलीतली खुर्ची, असं तो म्हणत होता. मामा गेटवर बसला तर त्याचं गाव दुसऱ्यांदा बुडणार होतं.

चाचणीच्या दिवशी मी सुट्टी टाकून गेले. चाचणी घेणारा तरुण कोकणातला होता. त्यानं पाण्यात लांब एक लाल पिंप तरंगत ठेवलं होतं. काठावरून निघायचं, सरळ पिंपापाशी जायचं आणि परत यायचं. मामानं जॅकेट घातलं, मशीन झोकात सुरू केलं आणि मधेच असा काही वळसा घेतला, की पिंप एकीकडं आणि बोट दुसरीकडं. पिंप नेमकं भैरोबाच्या पलीकडं होतं.

शेरा पडला. मामा बोटीतून उतरला आणि म्हणाला, "इकून टाकतो."

माझं डोकं फिरलं. मी त्या तरुणाला गाठून सगळं ऐकवलं: गाव, देऊळ, वळसा, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग स्वतःच मामाजवळ जाऊन बसला.

"काका, पिंपाच्या जागी बुडणारा माणूस असला तर? तो काय तुमचा वळसा होईपर्यंत थांबतलो?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मलाही कळत होतं.

"सरळच जावं लागेल. त्यात मी काही सूट देणार नाही," तो म्हणाला. "पण देवळावरून जायचं, तर चपला काढून जावा की. दुपारी परत बघतो मी."

दुपारी मामानं काठावरच चपला काढल्या. पाण्याला हात लावून कपाळाला लावला. बोट सुतासारखी सरळ गेली. मधे कुठंतरी त्याचे ओठ हलताना दिसले, माफी मागत असणार. परत आला तेव्हा मामाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तो म्हणाला, वारं लई हाय.

सर्टिफिकेट आल्यावरच्या रविवारी मी शिफ्ट संपवून तशीच धरणावर गेले, पायात कंपनीचे जाड सेफ्टी शूज. मामा पाहुण्यांना तंबी देत होता, "जाकिटं घाला. पट्टा आवळा. आन् मधी मी सांगीन तवा चपला काढा." शहरातली माणसं, पण कुणी का म्हणून विचारलं नाही.

भैरोबावरून आम्ही सगळे अनवाणी गेलो. "देवाला चालतंय का रे हे?" मी हळूच विचारलं. "देवाला पव्हायला येतं," मामा म्हणाला. "ह्यांना न्हाई."

देऊळ मागं पडलं तशी मी बूट घालायला घेतले. तेवढ्यात मामानं मशीनचा आवाज कमी केला आणि खाली पाण्यात हात दाखवला. तिथं बुडालेलं हे घर मला त्यानं आजवर कधी दाखवलं नव्हतं. वळशाच्या वाटेवर ते लागतच नव्हतं, ते देवळाच्या बरोबर मागं होतं.

"ऱ्हाऊ दे बूट," तो म्हणाला. "हितं तुझ्या आईचं अंगण हाय."